न पोचवलेला निरोप

मास्तरांनी प्रार्थना केली की आजारी माणसाला अर्धं बरं वाटतं, असं चर्चच्या मंडळीतले लोक म्हणायचे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शिंप्याला मास्तर म्हणतात, ते मास्तर. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या आणि मधे एक जाड पडदा. कोट शिवावा तर त्यांनीच. खांद्यावर एक सुरकुती दिसली की गिऱ्हाईक "असू द्या हो, चालेल" म्हणेपर्यंत यांनी बाही उसवलेली असायची. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींत त्यांना मान होता. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाची सून बाळंतपणात अडली असो, पहिला निरोप मास्तरांना. हातातली कात्री ठेवून, गळ्यातला टेप तसाच लोंबत ठेवून ते निघायचे. कॉटशेजारी उभे राहून डोळे मिटायचे आणि बोलायला लागायचे, की भोवतालच्या बायका पदराने डोळे पुसायच्या.

त्यांची बायको खिडकीच्या उजेडाशी बसून काजं करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची. गिऱ्हाइकांना ती पाठमोरीच जास्त ठाऊक. "वहिनींनी लावलेलं बटण म्हणजे माणूस जाईल, पण बटण जायचं नाही," असं कुणी म्हटलं की ती मान न वळवता हसायची. या बाईला दिवसा कधी कुणी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. अंगात ताप असला तरी ती भिंतीला टेकून बसून राही. जांभई आली तर ओठ घट्ट दाबून गिळून टाकी. लोकांना वाटे, कामसू आहे बिचारी.

त्याचं कारण घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

त्यांना दोन मुलं झाली होती. मोठी मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. मुलाला सगळे चिमण्या म्हणायचे. चिमण्या जेमतेम वाक्यं जोडायला लागला होता, तेव्हा त्याला ताप भरला. औषध आणलं, उतरला, पुन्हा चढला. आईने रात्री जागून काढल्या. मास्तर दुकानात होते. एका लग्नाचे कोट त्याच सकाळी द्यायचे होते, मशीन थांबवून चालणार नव्हतं. पहाटे कपाळावरची ओली पट्टी बदलता बदलता आईचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं, आणि पोराचे हातपाय ताठ झाले होते. दोघं त्याला घेऊन दवाखान्यात धावली. दुपारी तो गेला.

कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं. पिकल्या केसांचे, दमलेले गृहस्थ होते. म्हणाले, "ताप मेंदूत गेला होता. तुम्ही काल आणलं असतंत तरी माझ्या हातात काही नव्हतं. दोन तास आधी, चार तास आधी, काही फरक पडला नसता. हे तुमच्या बायकोला नक्की सांगा. आया स्वतःला दोष देत बसतात."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

बाकावर बायको बसली होती. त्यांना पाहताच ती म्हणाली, "मी झोपले हो. माझा डोळा लागला."

त्या क्षणी त्यांनी सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण पोटात एक आग होती, आणि ती कुणावर तरी ओतायला हवी होती. देवावर ओतायची हिंमत नव्हती. ते गप्प राहिले. म्हणाले नाहीत की तुझी चूक आहे. चूक नाही, हेही म्हणाले नाहीत. उद्या सांगू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उद्या दफन होतं. मग पाहुणे होते. मग सांगायची वेळ जशी काही निघूनच गेली.

काही महिन्यांनी बायकोच्या हातून एका कोटाची बाही इस्त्रीने करपली. कापड गिऱ्हाइकाचं, महागाचं. मास्तर ओरडले, "लक्ष कुठे होतं? झोपली होतीस? तुझी झोप एकदा महागात पडलीय, तेवढं पुरे नाही का?"

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली, प्लग काढला आणि आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

त्या दिवशी मास्तरांना जेवण गेलं नाही. कुणीतरी छातीत सुई मोडून ठेवावी तसं होत होतं. संध्याकाळी त्यांनी बायकोचे हात धरले, रडले, म्हणाले, "मी बोललो ते माझं बोलणं नव्हतं. माफ कर." तिने केलं. त्यांनी गुडघे टेकून देवाकडेही क्षमा मागितली आणि त्यांचं मन खरोखर हलकं झालं. फक्त डॉक्टरांचा निरोप तेवढा त्यांनी सांगितला नाही. आता सांगितला तर ती विचारेल, इतके दिवस का नाही सांगितलंत? त्याला उत्तर नव्हतं.

पुढच्या वेळी कारण आणखी लहान होतं. दूध उतू गेलं. "झोपली होतीस का?" एवढंच ते म्हणाले. पुरेसं होतं. तेव्हाही टोचलं, पण रडू आलं नाही. माफी मागितली, ती चहाचा कप सरकवता सरकवता. त्यानंतर माफी मागणं सुटलं. मग टोचणंही सुटलं. शिंप्याच्या बोटाला घट्टा पडतो, सुई लागली तरी कळत नाही, त्यातलंच ते. शेवटी शब्दही लागेनासा झाला. बायको कुठल्या गोष्टीत त्यांच्याविरुद्ध बोलायला लागली, मुलीची बाजू घ्यायला लागली, की मास्तर फक्त भिंतीवरच्या चिमण्याच्या फोटोकडे बघत. ती वाक्य अर्धं सोडून गप्प होई. घरात त्यांचं म्हणणं कधी खाली पडलं नाही. निरोप आता त्यांना विसरल्यासारखाच झाला होता, पण त्याचा उपयोग मात्र रोज होत होता.

मुलगी हे सगळं बघत मोठी झाली.

एका रविवारी चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांनी उपदेशात बायबलातल्या त्या राजाची गोष्ट सांगितली, ज्याने गुलामांना सोडायला नकार दिला. संकट आलं की तो म्हणे, चुकलो, सोडतो. संकट टळलं की पुन्हा मन घट्ट करी. "आधी तो स्वतःच मन कठीण करत होता," पाळक म्हणाले, "पुढे पुढे देवानेच त्याला त्या कठीण मनाच्या हवाली केलं. पापाची मोठी शिक्षा वीज कोसळणं नव्हे, बरं का. मोठी शिक्षा म्हणजे देव गप्प होतो. माणसाला म्हणतो, तुला हेच हवंय ना, घे. आणि त्या माणसाला कळतसुद्धा नाही की देव कधी उठून गेला."

घरी येताना मास्तर खुशीत होते. "आज पाळकांनी त्या वेल्डरला चांगला धुतला," ते म्हणाले. शेजारचा वेल्डर दर शनिवारी पिऊन यायचा.

"वेल्डर आला होता का आज?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग धुतला कुणाला?"

मास्तर थांबले. मग हसून म्हणाले, "म्हणजे उपदेशात जागी होतीस म्हणायची! कमाल आहे."

उरलेला रस्ता दोघं एकामागे एक चालली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते कुणाकडे तरी प्रार्थनेला गेले होते. पक्षाघात झालेला माणूस, भोवती घरचे लोक. मास्तरांनी डोळे मिटले, सूर लागला, शब्द एकामागून एक येऊ लागले. बायका मुसमुसू लागल्या. आणि बोलता बोलता मास्तरांच्या लक्षात आलं की आपण मनात एका जाकिटाच्या अस्तराचा हिशोब करतोय. तोंड देवाशी बोलतंय आणि आपण तिथे नाहीच. कुणीच नाही. "आमेन" झालं. आजाऱ्याच्या बायकोने त्यांचे हात धरले, "मास्तर, तुमच्या शब्दांनी किती धीर येतो." ते म्हणाले, "प्रभूची कृपा."

घरी येऊन त्यांनी एकट्याने प्रार्थना करून पाहिली. पूर्वी डोळे मिटले की समोर कुणीतरी ऐकतंय, असं वाटायचं. आता डोळे मिटले की फक्त डोळे मिटलेले असायचे. खोली रिकामी होती. असं किती दिवस झालं असेल, ते त्यांना आठवेना. आणि नवल म्हणजे त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. गुडघे झटकून ते उठले आणि मशीनवर बसले. लोकांकडे प्रार्थनेला जाणं चालूच राहिलं. शब्द पाठ होते.

मुलीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. जावई स्वभावाने गरीब, छापखान्यात नोकरीला. एका सुट्टीच्या दिवशी तिघंही आली होती. जेवणं झाली. मुलगी आत आईबरोबर भांडी आवरत होती, मास्तर दुकानाच्या पायरीशी खुर्ची टाकून बसले होते. नात जावयाजवळ खेळत होती. जावई फोनवर कुणाशी तरी बोलत होता. पोर पायरीवरून गडगडली. कपाळाला खोक पडली, रक्त आलं, मोठ्याने रडणं. फार काही नव्हतं. कापसाने दाबून धरल्यावर थांबलं.

मुलीने पोरीला कडेवर घेतलं आणि नवऱ्याकडे वळली. ओरडली नाही. अगदी हळू, गार आवाजात म्हणाली, "लक्ष एकदाच चुकतं. पण तेवढं आयुष्यभर पुरतं. आज वाचलात. हे मी विसरणार नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही."

जावयाची मान खाली गेली.

मास्तर खुर्चीत ताठ झाले. शब्द मुलीचे होते, पण आवाज त्यांचा होता. तो चढउतार, ते शेवटचं थांबणं. जणू त्यांच्याच मापाचा कोट कुणी दुसऱ्याने घालून समोर यावं.

पडद्याजवळ बायको उभी होती. ओले हात तसेच. "नको गं," ती मुलीला म्हणाली. "बाई, असं नको करू. मारलंस तरी चालेल, पण हे नको."

एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदा, कडेकडेने का होईना, याबद्दल काही म्हटलं होतं. मुलगी आईकडे बघत राहिली. मग बापाकडे. संध्याकाळचा चहा न घेताच ती दोघं पोरीला घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर पाळकांकडे गेले. पाळक अंगणात जुन्या खुर्चीच्या पायाला खिळा ठोकत होते. "या मास्तर, हा पाय जरा धरा," ते म्हणाले. मास्तरांनी पाय धरला आणि तसंच वाकून, खाली बघत, सगळं सांगितलं. झोप, टोमणे, फोटो. मग डॉक्टर. पाळकांचा हातोडा थांबला.

"डॉक्टर असं म्हणाले होते? की तिची काही चूक नाही?"

"हो."

"आणि तुम्ही तिला सांगितलं नाहीत."

"नाही."

"अजूनही?"

"नाही."

पाळक खुर्चीवर बसले. खुर्ची डगमगली, पण त्यांना भान नव्हतं. म्हणाले, "अहो, माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारात मी तुम्हाला बोलावलं होतं प्रार्थनेला."

मास्तर जमिनीवर पडलेले खिळे गोळा करू लागले.

"शास्त्रात नवऱ्यांना बजावलंय, बायकोला मानाने वागवा, नाहीतर तुमच्या प्रार्थना अडतील. मी लग्नात प्रत्येक नवऱ्याला सांगतो ते. तुमच्या लग्नातही सांगितलं असेल."

"पाळकसाहेब, मला रडू येत नाही," मास्तर म्हणाले. "हेच सांगायला आलो. मी काय केलं ते मला दिसतंय, कापडावर खडूने आखल्यासारखं लख्ख. पण आत काही हलत नाही. त्या राजासारखं झालंय का माझं? देवाने सोडून दिलंय का मला?"

गोड बोलायची पाळकांची सवय होती, पण त्या दिवशी ती त्यांच्या कामी आली नाही. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? देवाची दया मोठी आहे, एवढं मला ठाऊक आहे. आणि माणूस रोज थोडं थोडं करून बहिरा होतो, हेही ठाऊक आहे. पण रडू येण्याची वाट बघत बसू नका. घरी जा आणि तिला खरं सांगा. मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. ते तिचं आहे म्हणून. तिची वस्तू तुम्ही दाबून ठेवलीय."

मास्तर घरी आले. बायको खिडकीशी काजं करत होती. मास्तर समोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "चिमण्या गेला त्या दिवशी डॉक्टर माझ्याशी बोलले होते."

सुई थांबली.

त्यांनी सांगितलं. तिने मान वर केली नाही. "त्यांचे शब्द सांगा," ती म्हणाली. "तुमचे नको. त्यांचे."

"म्हणाले, दोन तास आधी, चार तास आधी, काही फरक पडला नसता. म्हणाले, हे बायकोला नक्की सांगा."

"पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"मला सांगा म्हणाले?"

"हो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"सांगतो म्हणालो."

बायकोने काजाचा टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला, सुई टाचण्यांच्या उशीला खोचली. कोट नीट घडी करून टेबलावर ठेवला. मग ती उठली, पडदा सारून आत गेली आणि भरदिवसा पलंगावर आडवी झाली. मास्तरांना वाटलं, रडेल. ते पडद्याशी कान देऊन उभे राहिले. आतून फक्त श्वास ऐकू येत होता, संथ, खोल. ती झोपली होती.

दुपारभर ती झोपली. दुकानात गिऱ्हाईक आलं, म्हणालं, "वहिनी दिसत नाहीत?" मास्तर म्हणाले, "झोपलीय," आणि तो शब्द उच्चारताना त्यांची जीभ अडखळली.

दिवेलागणीला ती उठली. केस नीट केले आणि एका पिशवीत चार लुगडी भरली. "मी लेकीकडे जाते," ती म्हणाली. "तिच्याशी मला बोलायचंय. नातीच्या बापाने आपल्या घरासारखं जगू नये."

"मला क्षमा कर," मास्तर म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "करायची आहे," ती म्हणाली. "देवाचं लेकरू म्हणवते स्वतःला, करायलाच हवी. पण आज माझ्याकडे नाही ती. खोटी कशी देऊ? त्याच्याकडे मागत राहीन. मिळाली की देईन."

"परत कधी येशील?"

"ते नाही माहीत."

ती गेली. पुढच्या रविवारी मास्तरांनी वडील मंडळींतून नाव काढून घेतलं. कारण काय, म्हणून लोक कुजबुजले. कुणी म्हणालं तब्येत, कुणी म्हणालं मान हवा असेल. वेल्डर तेवढा सरळ दुकानात आला, म्हणाला, "मास्तर, काही लागलं तर हाक मारा." मास्तरांना त्याच्याकडे बघवेना. आता ते मागच्या बाकावर बसत. प्रभुभोजनाला, प्रभूच्या आठवणीत वाटून खायच्या भाकरीचं ताट पुढून येई, तेव्हा आपण लायक नाही म्हणून तुकडा न उचलता ते शेजारच्याकडे सरकवत. कुणी आजाऱ्याकडे बोलवायला आलं तर सांगत, "माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाला न्या." लोकांना तो नम्रपणा वाटे, आणि त्यांची कीर्ती उलट वाढली. हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

मुलीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. जावई अधूनमधून फोन करी, "आई बऱ्या आहेत. दुपारी छान झोपतात," असं सांगे आणि फोन ठेवून देई.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मास्तर गुडघे टेकत. ते सुंदर शब्द त्यांना आता तोंडात घेववत नव्हते, आणि दुसरे येत नव्हते. एकदा पाळकांनी विचारलं, "होते का प्रार्थना?" ते म्हणाले, "नुसता बसतो. कुणी नसतं." पाळक म्हणाले, "बसत राहा."

वर्ष उलटायच्या बेताला बायकोचा निरोप आला. तिला चिमण्याच्या कबरीवर जायचं होतं. दफनानंतर ती तिथे कधीच गेली नव्हती. त्या मातीवर उभं राहायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटायचं. जागा नेमकी मास्तरांनाच माहीत होती.

दोघं दफनभूमीच्या फाटकाशी भेटली. ती अंगाने थोडी भरली होती, चेहऱ्यावर तकाकी होती. मास्तरांच्या कोटाला एक बटण नव्हतं. तिने ते पाहिलं, पण काही म्हणाली नाही. ते पुढे, ती मागे, अशी चालत गेली. कबर लहान होती, गवताने झाकलेली. तिने खाली बसून हाताने गवत उपटलं, दगडावरची माती पदराने पुसली. मग तिथेच बसून मोठ्याने प्रार्थना केली. साधी, अडखळत. पोराला विचारलं, तू बरा आहेस ना. देवाचे आभार मानले, डॉक्टरांसाठी आशीर्वाद मागितला. शेवटी म्हणाली, "आणि यांना," आणि थांबली. वाक्य पुरं झालं नाही. "आमेन," ती म्हणाली.

मास्तरांनी आमेन म्हणायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

ती उठली, गुडघ्याची माती झटकली. "जागा कळली मला," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी एकटी येईन."

"बरं," मास्तर म्हणाले.

फाटकापर्यंत दोघं बरोबर आली. तिची बस समोरूनच सुटायची. ती चढली, खिडकीशी बसली, आणि बस वळेपर्यंत तिने एकदा हात वर केला, निरोपाचा की पदर सावरायला, ते त्यांना कळलं नाही. बस गेली. मास्तर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यांना भीती वाटली. सकाळच्या रिकाम्या खोलीची, ती कायमचीच रिकामी राहील याची. पुष्कळ वर्षांत त्यांना देवाबद्दल काहीही वाटलं नव्हतं, भीतीसुद्धा नाही. ते चालत दुकानाकडे निघाले, आणि ती भीती त्यांनी झटकून टाकली नाही.